टेम्पररीचा पर्मनंट कधी होतो, आणि भेदभाव नेमका कशाला म्हणायचा?

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक पोरगा राहतो, अंबडच्या कारखान्यात कामाला. जुलै संपायच्या दिवशी संध्याकाळी तो जिना चढून वर आला. पाठीला बॅग, बॅगेत डबा, अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. दारातूनच म्हणाला, "काका, ब्रेक दिला."

अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत 'ब्रेक' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कामावरून काढलं असं इथे कुणी म्हणत नाही. सात महिने माणूस लाइनवर उभा राहतो, मग एक दिवस सुपरवायझर सांगतो, उद्यापासून येऊ नको, महिनाभराने फोन करतो. फोन बऱ्याचदा येतोही. मग पुन्हा फॉर्म, पुन्हा पासपोर्ट साइजचे दोन फोटो, नवा गेटपास, आणि त्याच मशीनवर त्याच माणसाची नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू. या पोराचा हा तिसरा ब्रेक.

"माझ्याबरोबर लागलेल्या दोघांना पर्मनंट केलं, काका. त्यातला एक तर साहेबांच्या गावचा. हा भेदभाव नाही का?"

मी वकील नाही. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात बरीच वर्षं हजेऱ्या सांभाळल्या. ब्रेकच्या याद्या माझ्याच हातून टाइप झाल्या, त्यामुळे हे यंत्र आतून कसं फिरतं ते ठाऊक आहे. पोराच्या त्या एका तक्रारीत दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकले होते. पर्मनंट होण्याचा हक्क हा दिवसांचा हिशोब असतो. शेजाऱ्याला काय मिळालं हे तिथे कुणी विचारत नाही. भेदभाव मात्र शेजारी दाखवल्याशिवाय सिद्धच होत नाही. दोन्हींची खिचडी झाली की अर्ज चार पानी होतो आणि समोरचा वकील नेमका कच्चा भाग पकडतो.

सात महिन्यांचंच गणित का?

'दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस आपोआप पर्मनंट' हे वाक्य त्रिमूर्ती चौकातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. ते अर्धं खरं आहे.

२४० हा आकडा दोन ठिकाणी येतो आणि दोन्हीकडे त्याचं फळ वेगळं आहे. पहिली जागा औद्योगिक विवाद कायदा, १९४७. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं असेल तर वर्षाची सलग सेवा धरली जाते. अशा माणसाला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. एवढंच. पर्मनंट करा असं तिथे कुठे लिहिलेलं नाही.

दुसरी जागा खास आपल्या राज्यातली. मुंबई औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) नियम, १९५९ यांच्यासोबत आदर्श स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींची नमुना नियमावली, आहेत आणि त्यात '४ सी' नावाचं एक कलम आहे. बदली (दुसऱ्याच्या जागी लावलेल्या) किंवा टेम्पररी कामगाराने मागच्या बारा महिन्यांत एकूण २४० दिवस भरले, हंगामी कारखान्यात १९० भरले, तर मॅनेजरने त्याला लेखी आदेश काढून कायम करायचं. बाराही महिने त्याचं नाव मस्टरवर होतं की नाही हे बघायचं नाही. मधला खंड कामगाराच्या चुकीने पडला नसेल तर त्या खंडाने साखळी तुटत नाही. टपरीवरचं वाक्य खरं ठरतं ते या कलमामुळे.

आता हाच पोरगा घ्या. या खेपेला १ जानेवारीला लागला, ३१ जुलैला ब्रेक. बिगर लीप वर्षात हे २१२ दिवस होतात. आठ महिने ठेवला असता तर २४३. म्हणजे आठव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याने रेषा ओलांडली असती. सातव्या महिन्याच्या शेवटीच सुपरवायझरला 'काम कमी झालं' हे का आठवतं, ते यावरून कळतं.

पण हिशोब इथेच थांबत नाही आणि टाइम ऑफिसातल्या माणसाला खरी झोप लागत नाही ती पुढच्या भागामुळे. ऑगस्ट घरी बसवून त्याला १ सप्टेंबरला परत घेतलं, तर मागच्या बारा महिन्यांतले जुने २१२ दिवस मोजणीत असतातच. २८ सप्टेंबरला २४० भरतात. म्हणून हुशार कंपन्या नुसता ब्रेक देत नाहीत, ठेकेदाराचं नावही बदलतात. त्याकडे येऊच.

रविवार मोजायचे का, हा हमखास येणारा प्रश्न. 'प्रत्यक्ष काम केलेले दिवस' या शब्दांवर बोट ठेवून कंपन्या रविवार वजा करायच्या. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक विवाद कायद्यातल्या २४० दिवसांबद्दल निकाल दिला की साप्ताहिक सुट्टी आणि पगारी सुट्ट्या धरायच्या. वर मी जे २१२ मोजले ते या हिशोबाने. साप्ताहिक सुट्टीचे पैसे सरळ मिळत नाहीत अशा रोजंदारीवाल्याच्या बाबतीत मात्र इथे वाद घातला जातो, तेव्हा आपले निव्वळ कामाचे दिवसही वेगळे मोजून ठेवावेत.

२४० दिवस भरल्याचं सिद्ध कुणी करायचं? कामगाराने. 'मी एवढे दिवस काम केलं' असं नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट सांगितलं. मस्टर कंपनीकडे, पंचिंगचा डेटा कंपनीकडे, आणि पुरावा द्यायचा कामगाराने. न्याय्य आहे का? मला तरी वाटत नाही. पण नियम हा असा आहे, आणि सात-आठ वर्षं राबलेली माणसं निव्वळ कागद नाही म्हणून हरलेली मी पाहिली आहेत.

मी पोराला विचारलं, "तुझ्याकडे काय आहे?" तो म्हणाला, काहीच नाही. पगाराची स्लिप देत नाहीत, पैसे बँकेत येतात. मग त्याची आई म्हणाली, "कॅलेंडरवर लिहितो ना तू." त्यांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं आहे. प्रत्येक तारखेच्या चौकोनात वर आईने दुधाचा आकडा लिहिलेला, दीड, दीड, एक, आणि खालच्या कोपऱ्यात पोराने बारीक अक्षरात शिफ्ट: १, २, ३. रात्रपाळीला ३. ओव्हरटाइम केला की आकड्याभोवती गोल. डबा किती वाजता भरायचा हे आईला कळावं म्हणून तो लिहायचा. जानेवारी ते जुलै, एकही चौकोन सुटलेला नाही.

कॅलेंडर एकटं कोर्टात फार टिकत नाही. पण बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, ईएसआयची (कामगार विम्याची) वर्गणी आणि हे कॅलेंडर चौघं एकच गोष्ट सांगू लागले की वजन पडतं. शिवाय एवढं दाखवलं की मस्टर हजर करा असा अर्ज देता येतो, आणि कंपनी ते लपवते आहे असं दिसलं तर कोर्ट त्याचाही अर्थ लावतं. मध्यंतरी त्याला बोटाला लागलं होतं, सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात नेलं होतं. तो केसपेपर मी शोधायला लावला. त्यावर तारीख असते.

गेटपासवरची बारीक अक्षरं

मग मी त्याचा गेटपास मागितला. वर कंपनीचा ठळक लोगो, मध्ये फोटो, आणि सगळ्यात खाली, मला चष्मा लावावा लागला इतक्या बारीक अक्षरात, एका एजन्सीचं नाव. "हे कोण?" म्हटल्यावर तो म्हणाला, "ठेकेदार. त्याला मी एकदाच बघितलंय, फॉर्म भरताना."

पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडलं. एक यूएएन, म्हणजे माणसाचा पीएफचा एकच नंबर, त्याखाली तीन मेंबर आयडी, तीन खेपांना तीन वेगळ्या ठेकेदारांची नावं. कंपनी तीच, गेट तेच, मशीन तेच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. माणूस स्वतःला 'कंपनीचा टेम्पररी' समजत असतो आणि कागदावर असतो ठेकेदाराचा. वरचं ४ सी कलम आपल्या मालकाविरुद्ध वापरायचं असतं. आपला मालक कोण हेच वादात असेल तर गाडी पहिल्याच चौकात अडते.

महाराष्ट्रात १९७१ चा एक जोरकस कायदा आहे. लांबलचक नाव आहे, लोक 'पल्प' म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब अशी: कामगारांना बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी म्हणून नेमणं आणि कायम कामगाराचा दर्जा व फायदे मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षं तसंच ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. ब्रेकचं सगळं नाटक या एका वाक्यात आलं. पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठेकेदाराचा कामगार 'मी खरा कंपनीचाच' म्हणून थेट या कायद्याखाली येऊ शकत नाही. आधी औद्योगिक विवादाच्या मार्गाने मालक-कामगार नातं ठरवून घ्या, मग या.

त्याच वर्षी, ३० ऑगस्ट २००१ ला, स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने दुसरी मोठी गोष्ट ठरवली. कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. मात्र कंत्राट निव्वळ देखाव्याचं असेल, ठेकेदार नावालाच असेल, तर कामगार मुळापासून कंपनीचाच धरायचा.

देखावा ओळखायचा कसा? काम कोण सांगतं, रजा कोण मंजूर करतं, उशीर झाला तर मेमो कोण देतं, कुणी घेतलं, कुणी काढलं, पगार खरा कुणाच्या खिशातून येतो. आमच्या पोराची रजा कंपनीचा सुपरवायझर व्हॉट्सअॅपवर मंजूर करायचा. 'उद्या सेकंडला ये', 'शनिवारी ओटी आहे', सगळे मेसेज त्याच्याच नंबरवरून. ठेकेदाराचा तीन वर्षांत एक मेसेज नाही. मी म्हटलं, फोन बदललास तर बदल, पण हे चॅट जपून ठेव.

ठेकेदाराने पगार बुडवला तर मात्र एवढं काही सिद्ध करत बसावं लागत नाही. कंत्राटी कामगार कायदा, १९७० प्रमाणे तो पगार मूळ कंपनीने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते.

ट्रेनींचं प्रकरण आणखी निराळं. अॅप्रेंटिस कायद्याखालचा शिकाऊ हा कायद्याने कामगारच नाही, आणि करारात तसं लिहिलं नसेल तर शिकवणी संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. मध्यंतरी 'नीम' या सरकारी प्रशिक्षण योजनेचे ट्रेनी आले, त्यांच्या हाती स्टायपेंड. यातले कितीतरी जण शिकाऊ म्हणून येऊन पहिल्या आठवड्यापासून पूर्ण उत्पादन काढतात. असं असेल तर 'ट्रेनी' ही पाटी खोटी आहे असं म्हणता येतं, पण पुन्हा तेच, दाखवावं लागतं.

महापालिका, झेडपी, आश्रमशाळा: तिथला रस्ता वेगळा

कारखान्यातला न्याय सरकारी कचेरीला जसाच्या तसा लागत नाही. १० एप्रिल २००६ चा उमादेवी निकाल तिथे आडवा येतो. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की सरकारी नोकरी सगळ्यांसाठी खुली असते. जाहिरात आणि स्पर्धा टाळून आलेल्याला नुसती वर्षं भरली म्हणून कायम करता येणार नाही. मंजूर पदावर, कोर्टाच्या स्थगितीच्या आधाराशिवाय दहा वर्षं काढलेल्यांचा एकदाच विचार करा, एवढी फट ठेवली.

पुढे वीस वर्षं खात्यांनी हा निकाल ढालीसारखा वापरला. त्याला आपल्याकडचा उतारा २००९ चा. एसटीतल्या सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उमादेवीमुळे औद्योगिक न्यायालयाचे १९७१ च्या कायद्याखालचे अधिकार संपत नाहीत. अनुचित प्रथा सिद्ध झाली आणि पद असेल तर कायम करण्याचा आदेश देता येतो. २० डिसेंबर २०२४ ला केंद्रीय जल आयोगातल्या सफाई व बागकाम करणाऱ्यांच्या खटल्यात, ज्याला जग्गो निकाल म्हणतात, न्यायालयाने खात्यांचे कान उपटले: काम कायमचं आणि माणूस वर्षानुवर्षं हंगामी, हे चालणार नाही, आणि उमादेवीचा आधार घेऊन तर नाहीच. पगाराबाबत २०१६ चा जगजित सिंग निकाल आहे. तेच काम करणाऱ्या हंगामी सरकारी कर्मचाऱ्याला नियमित वेतनश्रेणीचं किमान वेतन द्यावं लागतं.

२०२५ च्या पावसाळ्यात आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड मांडलं ते आठवत असेल. बाहेरच्या एजन्सीमार्फत भरती नको, हा त्यांचा मुद्दा. ज्यांनी डोंगरातल्या शाळांमध्ये वर्षं काढली त्यांच्या जागी एजन्सीचा माणूस आला की 'मालक कोण' हा वरचा सगळा घोळ सरकारी दारातही उभा राहतो. त्यांना नेमकं तेच नको होतं.

आता भेदभाव

पोराच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पर्मनंट झालेल्या दोघांबद्दल मी खोदून विचारलं. पहिला आयटीआय करून कंपनीच्या स्वतःच्या रोलवर लागलेला, ठेकेदाराचा कधीच नव्हता. त्याची आणि याची तुलना कोर्ट करणार नाही, रांगच वेगळी. दुसरा, साहेबांच्या गावचा, याच ठेकेदाराकडून, पोरगा लागला त्याच आठवड्यात, याच लाइनवर लागलेला. तो खरा तुलनेचा माणूस. काम सारखं, लागल्याची तारीख सारखी, एकाला ऑर्डर आणि एकाला ब्रेक, आणि कंपनीला कामाशी संबंध असलेलं कारण सांगता येत नाही: याला नुसत्या चिडचिडीपलीकडे अर्थ आहे. १९७१ च्या कायद्यातच, सहाव्या बाबीच्या अगदी वर, पाचवी बाब आहे: गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं. वशिल्याला कायद्यात नाव आहे ते हे.

मग मी उलटा प्रश्न टाकला. त्या दुसऱ्याला वेल्डिंगचं सर्टिफिकेट आहे का? पोरगा गप्प. "आहे," म्हणाला. "पण वेल्डिंग तो करतच नाही." चांगला मुद्दा आहे, पण लढवावा लागेल. कंपनी पहिल्याच उत्तरात ते सर्टिफिकेट पुढे करणार.

आपल्याकडे खाजगी नोकरीतल्या सगळ्या भेदभावाला पुरून उरेल असा एक कायदा नाही, हे आधी समजून घ्यावं. घटनेची कलमं १४ आणि १६ सरकारला बांधतात, अंबडच्या शेठला थेट बांधत नाहीत. खाजगी कारखान्यात जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. बाई म्हणून कमी पगार देणं १९७६ पासून बेकायदा आहे आणि नव्या वेतन संहितेतही ते आहे. अपंगत्व, एचआयव्ही, तृतीयपंथी असणं यांसाठी अनुक्रमे २०१६, २०१७ आणि २०१९ चे कायदे आहेत. जातीवरून चारचौघांत अपमान केला तर तो अॅट्रॉसिटी कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे. पाण्याचा माठ वेगळा ठेवला तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. हे कामगार खात्याचं प्रकरणच नव्हे, पोलीस ठाण्याचं आहे, आणि तिथे जाताना 'पगार पण कमी देतात' हे त्याच कागदात घुसडू नये. युनियनच्या झेंड्याखाली दिसला म्हणून नेमका त्यालाच ब्रेक, ही पुन्हा अनुचित प्रथा.

आणि वय? 'फक्त १८ ते २५' अशा पाट्या एक्सलो पॉइंटपासून पपया नर्सरीपर्यंत चिकटवलेल्या असतात. चाळिशीतल्या माणसाला ते झोंबतं, मलाही झोंबतं. पण खाजगी कारखान्याने भरतीत वयाची अट घालायला बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. साहेब खडूस आहे, रात्रपाळी मुद्दाम लावतो, सगळ्यांवरच ओरडतो, हेही कायद्याच्या अर्थाने भेदभावात बसत नाही. सगळ्यांशी सारखंच वाईट वागणाऱ्याविरुद्ध दुसरी कलमं शोधावी लागतात.

उलट काही गोष्टी लोक मुकाट सोसतात आणि त्या सरळ बेकायदा असतात. दिवाळीचा बोनस घ्या. टेम्पररीला बोनस नसतो असं बिनदिक्कत सांगतात. १९६५ च्या कायद्याप्रमाणे त्या हिशोबी वर्षात ३० दिवस काम केलं आणि महिन्याचा पगार २१ हजारांच्या आत असला की किमान ८.३३ टक्के बोनस लागू होतो. ठेकेदाराच्या माणसालाही, ठेकेदाराकडून. मिठाईचा पुडा हा बोनस नव्हे. कँटीनचंही तेच. निळा शर्ट आणि खाकी शर्ट हा फरक चालतो, पण कारखाना कायद्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेलाही 'कामगार' आहे, त्यामुळे पिण्याचं पाणी, संडास, कँटीन यांचं दार त्याला बंद करता येत नाही. तेच काम करणाऱ्या कंत्राटी माणसाला कंपनीच्या माणसाइतकाच पगार, हीसुद्धा १९७० च्या कायद्याच्या नियमांतली अट आहे. राज्यभर सर्रास मोडली जाणारी.

त्या पोराची बहीण सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत पॅकिंगला होती. चौथ्या महिन्यात पोट दिसू लागलं आणि पुढच्या महिन्यात तिचं कंत्राट 'संपलं'. बरोबरच्या अकरा जणींचं वाढलं. हे सगळं ऐकून घरातले म्हणत होते, टेम्पररीला कुठली बाळंतपणाची रजा! सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांच्या खटल्यात सांगितलं आहे की मातृत्व लाभ त्यांनाही मिळतो. १९६१ च्या कायद्यात अट फक्त ८० दिवस कामाची आहे, रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. ईएसआय कापला जात असेल तर हे पैसे ईएसआय देतं आणि तिथे ७० दिवसांच्या वर्गणीची अट असते. अकरा जणींची मुदत वाढली आणि एकीची नाही: भावाच्या प्रकरणापेक्षा बहिणीचं प्रकरण मला किती तरी मजबूत वाटलं. पण घरात चर्चा भावाचीच चालली होती. ती भिंतीला टेकून लसूण सोलत होती. मी विचारेपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

लैंगिक छळाबद्दल एकच सांगतो. २०१३ च्या कायद्यात टेम्पररी, कंत्राटी, ट्रेनी सगळ्या येतात. दहापेक्षा कमी माणसांचं वर्कशॉप असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

नव्या संहिता आल्या, मग काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वर आलेले औद्योगिक विवाद, कंत्राटी कामगार, बोनस, मातृत्व लाभ, कारखाना असे जुने केंद्रीय कायदे त्यांत गेले. टेम्पररी माणसाला त्यातल्या तीन-चार गोष्टी भिडतात. स्थायी आदेश लागू व्हायला महाराष्ट्रात किमान ५० कामगारांची मर्यादा होती. औद्योगिक संबंध संहितेत ती ३०० आहे. अंबडमधल्या मधल्या आकाराच्या कारखान्यांत ४ सीचा आधार यामुळे डळमळतो. माझ्या मते कामगाराचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे, पण वर्तमानपत्रात चर्चा ग्रॅच्युइटीचीच झाली. 'टेम्पररी ठेवून फायदे बुडवणं' ही अनुचित प्रथा मात्र नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही जवळपास त्याच शब्दांत आहे.

'फिक्स्ड टर्म' ही रीत आता कायद्यात पक्की बसली. ठरावीक मुदतीच्या माणसाला तेच काम करणाऱ्या कायम माणसाइतका पगार आणि भत्ते, आणि एक वर्षाने ग्रॅच्युइटी. हे चांगलं. पण मुदत संपून नोकरी गेली तर ती कपात धरली जात नाही, म्हणजे ब्रेकलाच आता नीट इस्त्री केलेला कागद मिळाला. सही करण्याआधी त्यावर मुदत लिहिली आहे का ते बघा. कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नको असंही नवी संहिता म्हणते. अपवाद इतके ठेवलेत की पाणी झिरपणारच.

जायचं कुठे

पहिली पायरी लेखी पत्र. 'मी अमुक तारखेपासून कामाला आहे, मला कामावर घ्या, कायम करा', तारीख-सहीनिशी, रजिस्टर पोस्टाने, कंपनी आणि ठेकेदार दोघांना. मग कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात तक्रार. तिथे समेटासाठी दोघांना बोलावतात. नोकरीवरून काढल्याचा वाद ४५ दिवसांत तिथे मिटला नाही तर पुढे न्यायालयाकडे थेट जाता येतं.

१९७१ च्या कायद्याखालच्या तक्रारीला मुदत ९० दिवसांची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याचं कारण पटवावं लागतं. 'फोन येईल' म्हणून वाट बघण्यात हे तीन महिने कसे जातात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ब्रेकनंतरचा तो आश्वासक फोन कधीकधी एक्याण्णवाव्या दिवसापर्यंतच येत राहतो.

एक खोच इथे सांगून ठेवतो. कारखान्यात मान्यताप्राप्त युनियन असेल तर सहाव्या बाबीची, म्हणजे टेम्पररी ठेवण्याबद्दलची, तक्रार फक्त त्या युनियनमार्फतच चालवता येते. युनियन बहुधा पर्मनंट कामगारांची. त्यांच्या करारात टेम्पररी बसत नाहीत, सभेला ते नसतात. मान्यताप्राप्त युनियनच नसेल तर माणूस स्वतः जाऊ शकतो. त्यामुळे गेटवर झेंडा कुठला, एवढंच बघून भागत नाही. त्या युनियनला कोर्टाची मान्यता आहे का, हे आधी विचारून घ्या. आमच्या पोराच्या कंपनीत झेंडा होता, मान्यता नव्हती.

त्या रात्री अकरापर्यंत आम्ही कागद लावत बसलो. यंदाचं कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं, प्रत्येक पानाचा फोटो काढला. गेल्या वर्षीचं हवं म्हटल्यावर आई जरा ओशाळली. पानं फडताळात डब्यांखाली अंथरली होती. तिने एकेक डबा उचलून खाली ठेवला, तूरडाळ, पोहे, हळद, आणि पानं ओढून काढली. मार्चवर तेलाचा गोल डाग, सप्टेंबरचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला. पण चौकोनांतले १, २, ३ अजून वाचता येत होते. बहिणीने लसणाचं ताट बाजूला सारलं, ओढणीने पान पुसलं आणि मोबाइलच्या उजेडात मोजायला सुरुवात केली.